सगळ्यात मागची गाडी

माणसाचं वय मी त्याच्या तोंडाकडे बघून सांगत नाही, त्याच्या सीटकडे बघून सांगते. तीस वर्षं मोटरसायकलींच्या सीटा शिवतेय. घराच्या तळमजल्यावर रस्त्याकडे उघडणारी माझी खोली आहे. जाड कापडाचं शिलाई मशीन, भिंतीला टेकवलेले फोमचे तक्ते, रेक्झीनच्या गुंडाळ्या आणि डिंकाचा एक उग्र वास, जो आता माझ्या केसांतूनही जात नाही. छोट्या गाड्या मी घेत नाही. सुरू केली की समोरच्या घराच्या काचा थरथरतात, तसल्या गाड्यांची गिऱ्हाइकं माझी.

विशीतला येतो, त्याला फोम नकोच असतो. पातळ करा, कडक करा, मागचा भाग उडवूनच टाका, मागे बसणारं कुणी नाही. हँडलवर ओणवं पडून चालवायची असते ना. पाठीचा कणा म्हणजे जणू फुकट मिळालेली वस्तू. तिशीत तोच परत येतो आणि मान खाली घालून सांगतो, ताई, मागची सीट परत बसवा. लग्न झालेलं असतं. मी नुसती बघते. मग काही वर्षं तो गायब, गाडीही विकलेली. चाळिशी ओलांडली की पुन्हा उगवतो, आणि या वेळी गाडी अशी की ढकलायला दोन माणसं लागावीत. विशीत जी नुसती बघून सोडून दिली होती, ती आता घेतलेली असते. दुरंगी दोरा हवा, सीटवर नक्षी हवी, आणि एवढं सगळं करून स्वारी जाते कुठे, तर शहराबाहेर चहा प्यायला आणि परत.

पन्नाशीचा येतो तो आधी माझ्याच खुर्चीत बसतो. कंबर, मग मान, मग गुडघे, अशी सगळी कहाणी ऐकावी लागते. जाड फोम द्या आणि सीट एक इंच खाली करा. खाली कशाला, तर सिग्नलला थांबताना दोन्ही पाय पुरते टेकले पाहिजेत. वेगात पडायची भीती त्याला अजूनही नसते. भर चौकात, उभ्या उभ्या, स्वतःच्या गाडीखाली आडवं व्हायची असते. साठीनंतर ते येत नाहीत. गाडी येते. मुलगा ढकलत आणतो आणि म्हणतो, विकायच्या आधी जरा नीट करून द्या.

या चालीत न बसणारा एकच माणूस मी पाहिला आणि तो माझ्याच घरात आहे. माझा नवरा. लिफ्टचा मेकॅनिक. दिवसभर उंच इमारतींच्या पोटात लोंबकळत काम करतो आणि रविवारी मोटरसायकल काढतो. अठ्ठावन्न वर्षांचा आहे. तो वयाप्रमाणे हळूहळू बदललाच नाही. एका रविवारी सकाळी अकरा वाजता बदलला. तेव्हा तो बत्तीस वर्षांचा होता आणि माझा दादा चौतीसचा.

दादा म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ. त्यानेच याला घरी आणलं, त्यामुळेच आमचं लग्न झालं. दोघांच्या गाड्या सारख्या, जाकिटं सारखी, मूर्खपणाही सारखाच. माझ्या हातच्या पहिल्या दोन सीटा त्यांच्याच. इतक्या वाकड्या शिवल्या होत्या की दादा म्हणाला, बसलं की गाडी आपोआप डावीकडे वळते. हा कायम पुढे, दादा कायम मागे. याला पुढे राहायची हौस आणि दादाला याच्या मागे राहायची. मी दोघांनाही सांगून थकले होते. पालथ्या घड्यावर पाणी.

त्या रविवारी दोघंच गेले होते. चढाचा रस्ता, पुढे पाइप भरलेला एक लांबलचक ट्रक. हा ट्रकच्या पुढे निघून गेला. दादा ट्रकच्या मागून बाहेर आला आणि समोरून बस आली. ट्रकवाला म्हणाला, अचानक बाहेर आला हो. पोलिसांनी तेच लिहिलं. दवाखान्याच्या दारात माझे वडील एवढंच म्हणाले, घाई नडली. आणि त्या दिवसापासून आमच्या घरात दादाचं तेवढंच चरित्र उरलं. घाई नडली.

वहिनी तेव्हा तीस वर्षांची. पोरगी तीन वर्षांची. वहिनीने रडारड फार केली नाही. तिचं औषधांचं दुकान आहे. पंधराव्या दिवशी ती काउंटरवर उभी होती. पण दादावरचा तिचा राग गेला नाही तो नाहीच. लोक गेलेल्या माणसाला देव करतात, हिने त्याला आरोपी केलं. पोरगी जरा मोठी झाल्यावर बापाबद्दल विचारायला लागली, तर हिचं ठरलेलं उत्तर: तुझ्या बापाला आपण दोघी दिसत नव्हतो, रस्ता दिसत होता. जेवताना, भांडी विसळताना, पोरीचा ताप उतरत नसताना, कशावरूनही गाडी तिथे यायची. मी त्याची बहीण, पण मीही मान डोलवायची. खोटं कशाला बोलू, मलाही तो राग सोयीचा होता. दुःखापेक्षा राग उचलायला हलका असतो.

आई-वडील गेल्यावर माझं माहेर म्हणजे वहिनीच. तिच्या स्वयंपाकघरात मी अजूनही न विचारता डबे उघडते. तिच्याशिवाय मला 'बस गं जरा, किती राबशील' म्हणणारं कुणी नाही. हे लक्षात ठेवा, कारण पुढे मी जे वागले ते याचसाठी वागले.

तर माझा नवरा. दोन वर्षं त्याने गाडीला हात लावला नाही. ती जिन्याखाली धूळ खात उभी होती. मला वाटलं, सुटलो. आणि एका सकाळी बघते तर हा तिला पुसतोय. मी जे तोंड सोडलं ते गल्लीने ऐकलं. त्याने गाडी काढली आणि रविवारी गाड्या घेऊन निघणाऱ्या मंडळींच्या अगदी शेवटी जाऊन उभा राहिला.

तेव्हापासून तो शेवटीच असतो. पंचवीस गाड्या असोत की पाच, हा सगळ्यांच्या मागे. लोकांनी नाव ठेवलं, शेपूट. पंचविशीतली पोरं त्याला तोंडावर म्हणतात, शेपूट काका, तुमच्या गाडीला चौथा गिअर आहे का हो? हा हसतो. कुणाची गाडी बंद पडली की पहिला पोचणारा हाच असतो, हे त्यांना बंद पडल्यावर कळतं.

आणि त्याने मंडळींना एक नियम घालून दिला. या गाडीवाल्यांत एक रीत असते. पुढचा ट्रकला ओलांडून गेला आणि पुढे रस्ता मोकळा दिसला, की तो डावा हात बाहेर काढून दोनदा पुढे हलवतो. म्हणजे, ये, मोकळं आहे. मागच्याला ट्रकच्या आडून काही दिसत नसतं, तो त्या हातावर विसंबून बाहेर पडतो. जगभर करतात म्हणे. याने सांगितलं, आपल्यात हे चालणार नाही. ज्याने त्याने आपल्या डोळ्यांनी बघायचं, नसेल दिसत तर मागे राहायचं. सगळ्यांना वाटलं, काय शहाणा माणूस, अनुभवाचे बोल आहेत. मलाही वाटलं.

बाकी त्याच्या खोडी मी वयावर घातल्या. ट्रकला ओलांडलं की पुढे जाऊन थांबतो आणि मागे वळून बघतो, जरी मागे कुणीच नसलं तरी. उजवा आरसा दरवेळी घासून पुसतो आणि मग तिरका करून ठेवतो, म्हणजे त्यात रस्ता दिसणारच नाही. एकदा मी विचारलं, अरे, मग तो लावलाय कशाला? म्हणाला, कायदा आहे. आणि हात. आमचा मुलगा दूरच्या देशात नोकरीला गेला तेव्हा विमानतळाच्या काचेच्या दारापलीकडून तीनदा वळला. मी दोन्ही हात हलवत होते. हा पठ्ठ्या खिशात हात घालून उभा. मुलगा नंतर फोनवर मला म्हणाला, बाबांना मी जायला नको होतं का? मी याला त्यावरून आठ दिवस फैलावर घेतलं. गप्प बसला. तोंडात मिठाची गुळणी धरावी तसा.

यंदा माझ्या भाचीने, दादाच्या मुलीने, मोठी गाडी घेतली. एकोणतीस वर्षांची आहे, इमारतींचे नकाशे काढते, कुणाचं ऐकत नाही. गाडी घेऊन थेट माझ्याच दारात. आत्या, पाय टेकत नाहीत, सीट खाली कर. मी फोम दोनदा मोजला, मग कापला. वहिनीने चार दिवस अबोला धरला, पाचव्या दिवशी स्वतःच माझ्या खोलीत येऊन स्टुलावर बसली. पोरीला अडवणं तिच्या हातात नव्हतं, तिने अट घातली होती. सुरुवातीचे सगळे रविवार काकांच्या मागे चालवायची. अगदी मागे. काका पुढे, ही दुसरी.

हा तेव्हा दारात बूट काढत होता. म्हणाला, मी मागे असतो, तिला पुढे राहू दे. वहिनी म्हणाली, नाही, तुम्ही पुढे. तुम्ही कराल तसं ती करेल. भावोजी, या सगळ्या वेड्यांत तुमच्यावर माझा भरवसा आहे, तुम्ही पुढे असाल तर मला घरात निवांत बसता येईल.

तो 'नाही' म्हणाला. का, ते सांगेना. वहिनीचा चेहरा पडला. भाचीचा त्याहून पडला. तिला वाटलं, बाई म्हणून नको म्हणतोय. मी याला कोपराने ढोसलं. शेवटी 'बरं' म्हणाला आणि एक बूट पायात, एक हातात, तसाच आत गेला.

रविवारी दोघं सकाळी सातला गेले. तासाभराची फेरी होती. आले साडेअकराला. भाची हेल्मेट काढताच हसत सुटली. आत्या, काकांनी एका रिकाम्या ट्रकच्या मागे पस्तीस किलोमीटर काढले. सरळ रस्ता, समोर चिटपाखरू नाही. ट्रकवाला बिचारा हात बाहेर काढून 'जा, जा' करतोय, तर काकांनी गाडीच कडेला घेतली आणि उतरून उभे राहिले. ट्रकवाला थांबून विचारायला लागला, बरं वाटत नाहीये का? ती हसत होती आणि मी याच्याकडे बघत होते. तोंडावर रक्ताचा थेंब नव्हता.

भाची गेली. मी एका सीटच्या जुन्या पिना उपटत बसले होते. हा फोमच्या ढिगावर बसला. जाकीटही काढलं नाही.

म्हणाला, "मी हात केला होता."

मला वाटलं, ट्रकवाल्याला.

"दादाला. मी पुढे गेलो. समोर रस्ता मोकळा होता, चढापर्यंत. मी हात केला, ये. तो आला. माझा हात खाली यायच्या आत चढावर बस आली. बस मला ओलांडून गेली आणि मी आरशात बघितलं. त्याच्या गाडीचा दिवा ट्रकच्या बाहेर आलेला होता. मग बस मध्ये आली. मग दिवा नव्हता."

मी पिना उपटत राहिले. काहीतरी करत राहायला हवं होतं. तो सांगत होता की दवाखान्याच्या दारात वडील म्हणाले, घाई नडली, आणि सगळ्यांनी याच्याकडे पाहिलं, कारण अपघात पाहणारा आमच्यातला हा एकटाच होता. याने मान हलवली. बास, तेवढंच. मग दुसऱ्या दिवशी सांगू, तेराव्या दिवशी सांगू, पोरगी शाळेत गेली की सांगू. मी विचारलं, मग परत गाडीवर कशाला बसलास रे? तो म्हणाला, न बसता दादा जास्त दिसायचा. गाडीवर असलो की निदान कुठे आहे ते कळतं. मी सगळ्यात शेवटी असतो, मागे कुणी नसतं, तरी आरशात एक दिवा असतो. दिवसाढवळ्या. ट्रकच्या मागे गेलो की येतो. आज तिचा दिवा आरशात होता आणि तो दुसराही होता, तिच्या मागे. दोन होते गं.

 आरसा का तिरका, हात का खिशात, सगळं एकदम माझ्या अंगावर आलं. सव्वीस वर्षं या माणसाशेजारी झोपले आणि मला वाटत होतं याच्या पोटात फक्त ॲसिडिटी आहे.

मग तो म्हणाला, वहिनीला सांगतो. ती पोरीला माझ्या भरवशावर पाठवतेय.

आणि मी काय म्हणाले? मी म्हणाले, खबरदार. झाकली मूठ सव्वा लाखाची. सव्वीस वर्षं गिळलंस, आता कुणाच्या भल्यासाठी ओकतोस? दादा परत येणार आहे का? वहिनीचा संसार परत येणार आहे का? तुझं मन हलकं होईल आणि माझं माहेर तुटेल. शेवटचं वाक्य मी मोठ्याने म्हणाले, ते बरं केलं. निदान तेवढं तरी खरं बोलले.

त्याने पुढचा रविवार गुडघ्याचं निमित्त करून टाळला. घरात आम्ही दोघं भुतं वावरावीत तसे वावरत होतो. मला त्याचा राग यायचा, इतका की ताट आपटून वाढायचे; आणि आंघोळीनंतर डाव्या हातावर टॉवेल घेऊन तो उगाच बसलेला दिसला की न मागता चहा नेऊन ठेवायचे. एकदा मी त्याच्या गाडीपाशी गेले, आरसा सरळ केला आणि त्यात बघितलं. जिना दिसला, मीटरची पेटी दिसली. घाबरून पुन्हा तिरका केला. कशाला घाबरले, ते मलाच ठाऊक नाही.

त्या रविवारनंतरच्या मंगळवारी वहिनीचा फोन आला. गाडीचा विमा, पोरीचे हट्ट, आणि मग नेहमीचं. तुझा दादा बघ, स्वतः गेला ते गेला, पोरीच्या रक्तात हे वेड ठेवून गेला. त्याला कुणाची पर्वा होती कधी? मी म्हणाले, हो ना, दादा तसाच होता. सवयीने तोंडातून निघालं. फोन ठेवला आणि मशीनवर बसले, आणि एक अख्खी शिवण वाकडी गेली.

गुरुवारी दुपारी याने कामावरून मला फोन केला. म्हणाला, येत्या रविवारी तिला सगळ्यांबरोबर यायचंय, माझ्या मागे. मी वहिनीच्या दुकानात चाललोय. मी गाऊनवर ओढणी टाकली आणि रिक्षा केली.

पोचले तेव्हा हा काउंटरच्या आत, खोक्यांच्या मधल्या स्टुलावर बसला होता. कामाचे कपडे, कोपरापर्यंत ग्रीस. वहिनीच्या हातात गोळ्यांची पट्टी आणि कात्री होती. याचं सांगून झालेलं होतं, किंवा नुकतंच होत होतं. मी आत गेले तर कुणीच माझ्याकडे बघितलं नाही. मागचा छोटा फ्रीज घुर्र घुर्र करत होता.

तेवढ्यात एक म्हातारे गृहस्थ आले. खोकल्याचं औषध हवं होतं. वहिनीने कोरडा की ओला ते विचारलं, बाटली काढली, दिवसातून तीनदा, जेवणानंतर, गाडी चालवत असाल तर दुपारचं घेऊ नका, झोप येते, असं सगळं नीट सांगितलं. ते गेले. तिने कात्री खाली ठेवली.

म्हणाली, "कसा हात केला होतात? दाखवा."

तो बसूनच राहिला. तिने पुन्हा सांगितलं, दाखवा. मग त्याने डावा हात उचलला. सव्वीस वर्षांत मी त्याला तो हात असा उचलताना पाहिलं नव्हतं. दोनदा पुढे हलवला. साधासा हात. दारातून कुणी ओळखीचं जाताना दिसलं तर आपण बोलावतो, तसा.

वहिनी त्या हाताकडे बघत राहिली. मला वाटलं, आता ओरडेल, आता काहीतरी फेकेल. मी पट्ट्यांचा ट्रे हळूच बाजूला सरकवला, खरंच.

ती म्हणाली, "म्हणजे तुम्ही बोलावलंत म्हणून तो आला."

हा म्हणाला, "हो."

"घाई नव्हती त्याला."

"नव्हती. तो दहा मिनिटं ट्रकच्या मागे शांत होता. मीच कंटाळलो होतो."

ती खाली बसली, खोक्यावरच.  मग बोलायला लागली, पण ती आम्हा दोघांशी बोलत नव्हतीच. रोज भांडते मी त्याच्याशी, म्हणाली. चहा गाळताना भांडते. पोरीची फी भरताना, पोरीला पाळी आली तेव्हा, माझी गाठ काढली तेव्हा. एवढी काय घाई होती रे, दोन मिनिटं थांबला असतास तर. सव्वीस वर्षं त्याला एकच प्रश्न विचारतेय, आणि तो प्रश्न त्याचा नव्हताच.

मग याला म्हणाली, "हात केलात, ती चूक. कुणाकडूनही झाली असती, आणि डोळे त्यालाही होते. पण तुम्ही दर आठवड्याला माझ्या घरी जेवायला बसायचात, भावोजी. मी त्याला बोलायचे आणि तुम्ही ऐकत बसायचात."

याने मान खाली घातली ती वर केली नाही. रडत होता. मी या माणसाला रडताना पहिल्यांदा बघत होते, आणि मला वाटलं, झालं, संपलं, जे व्हायचं ते होऊन गेलं. वहिनी उठली, ग्लासात पाणी ओतून त्याच्यासमोर ठेवलं. पोरीला तुम्हीच सांगायचं, म्हणाली, आज संध्याकाळी, माझ्यासमोर. तो 'हो' म्हणाला. तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला, पण ठेवला.

माझा जीव भांड्यात पडला. मी पुढे झाले, तिचा हात धरायला.

तिने विचारलं, "तुला कधी कळलं?"

'आत्ताच' म्हणता आलं असतं. याने तिला सांगितलेलं नव्हतं, मला नंतर कळलं; माझं नावसुद्धा काढलं नव्हतं. पण तिच्या डोळ्यात बघून मला खोटं बोलता आलं नाही.

"अकरा दिवस झाले."

ती मनात दिवस मोजत होती, मला दिसत होतं. मंगळवारपाशी येऊन थांबली.

"परवा फोनवर मी त्याला बोलले," ती म्हणाली, "आणि तू म्हणालीस, दादा तसाच होता."

 माहेर जाईल म्हणून भ्याले, हे कुठल्या तोंडाने सांगणार?

"भावोजी गुन्हेगार होते, ते घाबरले. तू तर त्याची बहीण ना गं?"

दुकानात कुणीतरी आलं आणि ती वळली.

या गोष्टीला आता पाच महिने झाले. भाचीने ऐकलं, दोन आठवडे काकाशी बोलली नाही, मग एका रविवारी स्वतः दारात हॉर्न वाजवत उभी राहिली. आता ते दोघं शेजारी शेजारी चालवतात, मागे-पुढे नाही. बाकीचे शिव्या देतात, रस्ता अडवता म्हणून. ट्रक आला की ती थांबते, हा थांबतो, आणि हळूच आपापल्या डोळ्यांनी बघतात. आरशातला दिवा अजून येतो का, मी विचारलं. येतो म्हणाला, पण कमी.

वहिनी बापाच्या गोष्टी सांगते आता पोरीला. तो दाढी करताना शिट्टी कशी वाजवायचा, असल्या गोष्टी. हे मला भाचीकडून कळतं. याच्या गुडघ्यासाठी वहिनी मलम पाठवते, भाचीच्या हाती. दर रविवारी फोन करते, पोचलात का म्हणून विचारते. फोन याच्या फोनवर येतो. मी शेजारीच बसलेली असते. तो माझ्याकडे बघतो, मी मान हलवते, नको देऊस. ती मागतही नाही.